सहाचं पाणी

काका गेले त्या दिवशी त्यांच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि कुणाला काय बोलावं ते सुचत नव्हतं. अशा वेळी माणसं घड्याळाकडे बघतात. घोटीहून आलेल्या त्यांच्या पुतण्यानं भिंतीवरच्या टोल्याच्या घड्याळाकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाला, "आयला, हे तर पावणेदोन तास पुढं हाय! म्हाताऱ्यानं जन्मभर मिनिटावर पाणी सोडलं आणि घरात हे असलं घड्याळ?" दोघंचौघं कसंनुसं हसले. तो स्टुलावर चढला, त्यानं काच उघडली. काट्याला हात घालणार तेवढ्यात मी दारातून ओरडले, "हात लावू नका त्याला!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी कोण? मागच्या दोन खोल्यांतली भाडेकरीण. नात्याची ना गोत्याची. माझ्या नवऱ्यानं दंडाला धरून मला बाहेर नेलं. अंगणात पेरूखाली उभी राहून मी हमसून हमसून रडले. समोर कोंबड्या टक टक करत पाणी पीत होत्या. त्यांना काय पत्ता!

त्या घड्याळाचं कारण मला एकटीलाच माहीत होतं. नवऱ्यालासुद्धा मी सांगितलं नव्हतं. आज सांगते. पण आधी काका कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या पुतण्यासारखे हसाल.

काका पाणीखात्यात वॉलमन होते. हा हुद्दा आता फारसा कुणाला कळत नाही. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकणाचे चेंबर असतात, त्यांत गल्लीगल्लीचे वॉल. पहाटे सायकलला ती उंच, इंग्रजी टी-सारखी चावी बांधून वॉलमन निघणार, झाकण उचलणार, चावी आत घालून आटे फिरवणार, की मग आपल्या मोरीत नळ फुरफुरणार. पंचवटीतल्या निम्म्या गल्ल्यांचं पाणी तीस वर्षं काकांच्या मनगटात होतं. कुठला वॉल किती आट्यांत उघडतो हे त्यांना पाठ. देवळामागचा अठरा आटे, बाजारातला बावीस, आणि एक उलट्या आट्यांचा होता, त्याच्यावर नवा माणूस हमखास फसायचा.

निवृत्त झाले तरी आटे सुटले नाहीत. आमटी तिखट झाली की म्हणायचे, "दोन आटे जास्त झाले." माझा आवाज मुळातच शाळेतला, पस्तीस पोरींना पुरणारा. नवऱ्याशी माझं वाजलं की भिंतीपलीकडून काका हाक मारायचे, "बाई, दोन आटे कमी करा!" एकदा मी रागानं चार दिवस नवऱ्याशी बोललेच नाही, तर मला अंगणात गाठून म्हणाले, "बाई, वॉल एकदम बंद करायचा नाय. पाईप फुटतो. हळूहळू फिरवायचा." मला हसू आलं आणि तो पाईप वाचला.

मला ते 'बाई'च म्हणायचे आणि 'अहो-जाहो' करायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते याचा त्यांना भारी आदर. मी लेकीच्या वयाची असले तरी नऊ वर्षांत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नाही. एकदाच केलं. ते शेवटी सांगते.

त्यांचा एकच नियम होता आणि त्यापायी त्यांनी शिव्या फार खाल्ल्या. वेळेच्या आधी पाणी सोडायचं नाही. सहाचं पाणी म्हणजे सहाला. कुणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, मयत असो. एका नगरसेवकाच्या मांडवात टाक्या भरायच्या होत्या, म्हणून त्याची माणसं अर्धा तास आधी मोटारसायकलवरून आली. काका चेंबरच्या झाकणावर मांडी घालून बसले. "उचला मला, मग उघडा," म्हणाले. त्यांची बदली झाली, परत आले, पण नियम तोच.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, "काका, दहा मिनिटं आधी सोडलं तर काय आभाळ कोसळतं?"

"आभाळ नाय कोसळत," ते म्हणाले. "पण आधी सोडलं ना, की पुढची घरं मोटारी लावून टाक्या भरून घेतात. शेवटच्या घरची बाई अजून उठलेली बी नसते. ती सहाला उठून हंडा लावते आन् नळ सूं सूं करतो. मी त्या शेवटच्या घराचा माणूस हाय."

हे ऐकल्यावर मी त्यांना घड्याळावरून चिडवणं सोडलं. मनगटावर चावीचं घड्याळ, भिंतीवर निवृत्तीच्या वेळी मिळालेलं टोल्याचं घड्याळ, दोन्ही अगदी मिनिटाला मिनिट. मनगटावरच्याला रोज सकाळी आणि भिंतीवरच्याला रविवारी चावी द्यायची हा त्यांचा देवपूजेसारखा कार्यक्रम होता.

या माणसाशी संसार केला तो मावशीनं. मावशी म्हणजे काकांची बायको. ठेंगणी, सावळी, कायम पदर खोचलेली, आणि बोलायला माझ्यापेक्षा चार आटे वरचढ. मूलबाळ नव्हतं. कोंबड्या तिच्या. घोटीकडच्या माहेरून दोन आणलेल्या, त्यांच्या अकरा झाल्या. "ये ती ती ती" करून हाक मारली की अंगणभर धावायच्या. काका माळकरी, अंड्यालाही शिवत नसत; त्यांना कोंबड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. उलट, "घाण करतात," म्हणून कुरकुर. मावशी म्हणायची, "पोरी, ह्या माणसाचं पहिलं लग्न घड्याळाशी झालंय. मी दुसरेपणाची."

त्या वर्षी मावशीच्या पोटात गाठ निघाली आणि ऑपरेशन मे महिन्यात ठरलं. मे म्हणजे माझी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे माझं माहेर, देवळा. कांदा चाळीत भरायचा असतो, घरात माणसांची लगबग, आंबे आलेले. मी पिशवी भरत होते तेव्हा मावशी दारात येऊन उभी राहिली.

"जातेस का गं? चार दिवस थांब ना."

"अहो मावशी, काका आहेत की."

"तेच तर. ह्यांच्याशी भांडणारं कुणीतरी पाहिजे तिथं. डॉक्टर म्हणेल तसं तंतोतंत करतील. मी म्हणेन तसं नाही करायचे."

मी हसले. म्हटलं, भांडायला मी परत येतेच आहे आठ दिवसांत. आणि गेले. सकाळची देवळ्याची एसटी मिळाली, खिडकीजवळ जागाही मिळाली. मला तो प्रवास अजून आठवतो, कारण त्या प्रवासात मी मजेत होते.

दवाखान्यात काय झालं ते मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही भांडणातून. मावशी गेली आणि माझी जून महिन्यात शाळा सुरू झाली. मी रोज पाचला घरी यायचे, दोन कप चहा करायचे आणि एक काकांना नेऊन द्यायचे. एकटा माणूस, कोण विचारणार? काका कप घ्यायचे, त्यावर बशी झाकायचे आणि बाजूला ठेवायचे. "सहाला घेईन." रोज. तासाभरानं तो थंडगार, साय धरलेला चहा एका घोटात प्यायचे. महिनाभर मी हे पाहिलं. एक दिवस शाळेत मुख्याध्यापिकेशी वाजलेलं होतं, डोकं फिरलेलंच होतं. मी म्हटलं, "काका, माझ्या हातचा चहा इतका नकोसा असेल तर तसं सांगा. गरम असताना प्यायला काय विष घातलंय का मी त्यात?"

त्यांनी कपावरची बशी सारखी केली. मग म्हणाले, "बाई, चार ते सहा मी काही पीत नाय. पाणी बी नाय. नेम हाय."

"कसला नेम?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. ऑपरेशन नीट झालं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी सहापर्यंत पाणी द्यायचं नाही, मी येऊन बघतो, मग एकेक चमचा द्या. चार वाजता मावशी शुद्धीवर आली आणि पाणी मागायला लागली. काकांनी स्टीलचा पेला भरून, वर ताटली झाकून, उशाशी ठेवला आणि घड्याळ हातात घेऊन बसले. ती मागत होती आणि हे सांगत होते, सहाला. अजून दीड तास. अजून तास. ओठ ओले करायचा कापूस मागायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. तीस वर्षं ज्या आवाजात गल्लीतल्या बायकांना सांगितलं त्याच आवाजात तिला सांगत राहिले. शेवटी ती म्हणाली, "अहो, थेंबभर." हे म्हणाले, "वीसच मिनिटं राहिली." आणि त्या वीस मिनिटांत तिनं मान टाकली. पेला तसाच भरलेला.

"डॉक्टर भला माणूस," काका म्हणाले. "माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, हृदय बंद पडलं, पाण्याचा काही संबंध नाही. पाणी दिलं असतं तरी हेच झालं असतं. तर मी त्यांना विचारलं, मग दिलं असतं तर काय झालं असतं?"

नाशिकसारखं गाव, गोदावरीला आम्ही सगळे गंगाच म्हणतो, मरणाऱ्याच्या तोंडात तिचं पाणी घालायला लोक लांबून येतात. आणि घरोघरी पाणी पोचवणाऱ्या माणसाची बायको कोरड्या तोंडानं गेली. हे भाऊबंदांनी बोलूनही दाखवलं होतं. मी तो झाकलेला कप उचलला आणि घरी येऊन ओट्याशी उभी राहून रडले. ती म्हणाली होती ना मला, भांडणारं कुणीतरी पाहिजे म्हणून!

आता कोंबड्यांकडे येते.

मावशीला पोचवून आल्यावर दोन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, पण कोंबड्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांचं पाण्याचं मातीचं परळ कोरडं पडलं. मे महिन्याचं ऊन. तिसऱ्या दिवशी काका मागच्या अंगणात गेले, तर मावशीची लाडकी तांबडी परळात मान टाकून मेलेली. बाकीच्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. भाऊबंद म्हणाले, विकून टाका, नाहीतर आम्हाला द्या, रस्सा तरी होईल. काकांनी त्यांना त्याच दिवशी वाटेला लावलं.

मग सुरू झाला तो कारखाना. मी देवळ्याहून आले तेव्हा अंगणात पाईपचे तुकडे, पाने, सांधे बुजवायचा सफेदा, सुतळी, कापलेले डबे यांचा नुसता पसारा. मध्ये काका उकिडवे बसलेले. आधी त्यांनी काचेची बाटली भरून बशीत उलटी उभी केली. बशीतलं पाणी कमी झालं की बाटलीतून आपोआप तेवढंच उतरायचं. मी बारा वर्षं हवेचा दाब शिकवत होते, फळ्यावर आकृती काढून, बाणबिण दाखवून. पण तो असा डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. शाळा सुरू झाल्यावर पोरींना बाटली-बशी करून दाखवली. पण कोंबड्यांनी त्या बशीत माती उकरून घातली, वर घाण केली, आणि एक पिल्लू त्यात बुडून मेलं. काकांनी बाटली फेकली.

मग त्यांनी दवाखान्यातून आणलेल्या पिशवीतून सलाईनची नळी काढली. मावशीला लावलेलीच ती नळी, मला बघवेना. तेलाच्या डब्याला ती जोडून, तिचं ते छोटं चाक फिरवून थेंब थेंब पाणी सोडलं. छान चाललं होतं. दोन तासांनी काका एकदम उठले आणि नळी उपटून काढली.

"काय झालं हो?"

"चाक कोण फिरवतंय? मीच! म्हंजे परत वॉल माझ्याच हातात आला ना!" त्यांनी ती नळी गुंडाळून परत पिशवीत टाकली. "मला वॉलच नको हाय हातात, बाई. जिला तहान, तिच्या चोचीत वॉल पाहिजे."

हे वाक्य त्यांनी पुढे वर्षभर इतक्या वेळा म्हटलं की गल्लीतली पोरं त्यांना 'चोचीत वॉल' म्हणून चिडवायला लागली. ओळखीच्या एका बागाईतदाराकडून द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या आणल्या. त्या अखंड गळत राहिल्या आणि अंगणात चिखल झाला. संडासाच्या टाकीचा, पाणी भरलं की आपोआप बंद होणारा बॉलकॉक लावून पन्हळ केली. त्यात शेवाळ धरलं. जे होईल ते मोडायचं आणि पुन्हा मांडायचं. माणूस खुळावला असंच सगळे म्हणत. मीही म्हणत होते, खोटं कशाला बोलू.

आणि एका दिवाळीच्या सुट्टीत ते फाटक्या ट्यूब गोळा करायला लागले. स्कूटरच्या, लुनाच्या. नाशिकरोडपर्यंतचा एक पंक्चरवाला सोडला नाही. ट्यूबच्या हवा भरायच्या नळीत बारीक पिन असते, दाबली की हवा सुटते, सोडली की बंद. काकांनी त्या नळ्या कापून घेतल्या, पिनेची स्प्रिंग काढून टाकली, आणि अर्ध्या इंची पाईपला खालच्या बाजूनं एका ओळीत सात बसवल्या, पिना खाली लोंबत्या. न्हाणीघरावर ड्रम, ड्रमाला बॉलकॉक, ड्रमातून पाईप. पाण्याच्या वजनानं पिन घट्ट बसायची. खालून वर ढकलली की थेंब. सोडली की बंद. वेळ नाही, चावी नाही, माणूस नाही.

सगळं तयार झालं आणि कोंबड्या ढुंकून बघेनात. त्यांना काय ठाऊक की त्या लोखंडी काडीत पाणी आहे? सकाळपासून परळ काढून ठेवलेलं, दुपार झाली, कोंबड्या पाण्यासाठी कलकलाट करायला लागल्या आणि काकांचा चेहरा उतरला. "परळ ठेवतो परत," म्हणाले. दहा मिनिटांनी माझ्या दाराशी आले, खाली मान घालून.

"बाई, ते नखाला लावायचं लाल असतं, ते हाय का तुमच्याकडं?"

माझ्या नवऱ्याला ठसकाच लागला. मी बाटली आणून दिली. काकांनी उकिडवं बसून सातही पिनांची टोकं लाल रंगवली, नव्या नवरीची नखं रंगवावीत इतक्या मन लावून. "लाल दिसलं की टोचतात त्या. हिनं सांगितलेलं एकदा," म्हणाले. रंग वाळला. एक काळी पिसांची कोंबडी आली, मान वाकडी करून तिनं त्या लाल टोकाकडे पाहिलं. टक. थेंब चोचीवर पडला. तिनं मान वर केली, गिळला. पुन्हा टक. मग दुसरी आली, मग तिसरी. टक टक टक. जणू अंगणात कुणी सुपारी फोडत बसलं होतं.

मी टाळ्याबिळ्या वाजवल्या. वळून बघते तर काका तोंडाला उपरणं लावून रडत होते. मोठ्यानं, लहान पोरासारखे. "एवढंच तर होतं, बाई," म्हणत होते. "एवढंच करायचं होतं." पाऊण वाजला होता. मी आत जाऊन पाणी आणलं आणि ते प्यायले, कारण तेव्हा चार वाजले नव्हते.

हो, तो नेम सुटला नव्हता. कोंबड्यांना आठही प्रहर पाणी मिळालं, यांना चार ते सहा नाही. उन्हाळा असो, ताप असो. मी पुष्कळ भांडले. मावशीनं सोपवलेलं काम उशिरा का होईना करत होते. म्हटलं, "मावशीला आवडलं असतं का हे?" तर म्हणायचे, "तिला विचारायला पाहिजे होतं तवा विचारलं नाय. आता काय विचारू?" माझा चहा रोज साय धरत राहिला.

अशी चार वर्षं गेली. मग तो मे महिना आला. मावशी गेल्यापासून मी मे महिन्यात देवळ्याला जाणं सोडलं होतं. आईनं बोलणी ऐकवली, पण नाहीच गेले. काकांना आदल्या रात्रीपासून उलट्या-जुलाब. सकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, शरीरातलं पाणी संपत चाललंय, दर पाच मिनिटांनी चमचा चमचा मीठ-साखरेचं पाणी द्या, खंड पडू देऊ नका. संध्याकाळपर्यंत उतार नाही पडला तर दवाखान्यात टाकावं लागेल. दवाखाना शब्द ऐकताच काकांनी माझा हात घट्ट धरला. "तिथं नाय, बाई."

मी सकाळपासून उशाशी बसून होते. चमचा चमचा पाजत होते, थोडं पोटात राहत होतं. डोळे खोल गेलेले, ओठ चिरलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहत होती. मनगटावरचं घड्याळ आदल्या दिवसापासून चावी न मिळाल्यानं बंद पडलेलं. भिंतीवरच्या घड्याळानं चारचे टोल दिले. मी चमचा पुढे केला तर काकांनी ओठ मिटून घेतले.

"काका, आज नाही हं. आज हे चालणार नाही."

मान हलवली. "सहाला."

मी समजावलं. रागावले. पाया पडले. "मरायचंय का तुम्हाला?" असंही म्हटलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यानं मी घाबरले. त्या बघण्यात 'नाही' नव्हतं. नवरा रिक्षा बघायला गेला होता. पंधरा मिनिटं गेली. त्यांचे ओठ पांढरे पडत चालले आणि मी तिथं वाटी-चमचा घेऊन बसलेली, दवाखान्यात झाकलेल्या पेल्याशेजारी काका बसले असतील अगदी तशी. मला सहन होईना. मी उठले, स्टूल ओढलं, घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा बोटानं पुढे ढकलायला लागले.

टोल्याचं घड्याळ ते. मी विज्ञानाची बाई, पण हे डोक्यातच आलं नाही. साडेचारला एक टोल पडला. माझा हात थबकला, पण आता मागे कुठं फिरणार? पुढे ढकलला. पाच टोल, एकेक करून, सावकाश. साडेपाचचा एक. मग सहा. खोलीभर घण घण घण. एवढ्या टोलांत मेलेला माणूस जागा होईल. आणि बाहेर लख्ख ऊन, कोंबड्या अंगणात, दिवस मावळायला आला की खुराड्याकडे जाणाऱ्या कोंबड्या आपल्या मजेत टक टक पाणी पितायत.

मी स्टुलावरून उतरले. वळायची हिंमत होईना. वळले तेव्हा काका डोळे उघडून माझ्याकडेच बघत होते.

"सहा वाजले?" त्यांनी विचारलं.

"वाजले," मी म्हटलं. आयुष्यात इतक्या निर्लज्जपणे मी कधी खोटं बोललेले नाही.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. दारातून दिसणाऱ्या उन्हाकडे बघितलं. कोंबड्यांचा आवाज ऐकला. मग त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. त्या वाळलेल्या अंगात कुठून उरलं होतं कोण जाणे. आणि ते म्हणाले,

"त्या दिवशी कुठं होतीस गं तू?"

मी चमचा पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं.

त्या दुखण्यातून ते उठले. पुढे दोन वर्षं जगले. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी मागे घेतलं नाही. दर रविवारी चावी द्यायचे, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचे आणि बरोबर पावणेदोन तास पुढेच ठेवायचे. नेम मोडला नाही म्हणायचे, नेम त्या घड्याळावर चालायचा. तिथं चार ते सहा वाजत तेव्हा बाहेर दुपार असायची आणि काका झोपलेले असायचे. पाचला मी चहा घेऊन गेले की ते वर बघायचे, तिथं पावणेसात झालेले असायचे. मग बशीत ओतून, फुंकर घालून, गरम गरम प्यायचे. मला पुन्हा 'बाई' म्हणायला लागले होते. त्या दुपारचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

ते गेले झोपेतच, पहाटे. त्यांच्या तोंडात गंगेचं पाणी मी घातलं, पण त्यांना ते कळलं नसणार. पुतण्यानं घड्याळ दुरुस्त केलं. मी ओरडल्यावर थोडा वेळ थांबला, आणि मी बाहेर गेल्यावर काटे मागे घेतले. त्याचा काय दोष? मी पेरूखाली उभी होते. आतून टोल ऐकू आले, खऱ्या वेळेचे. तेव्हा कुठे मी काकांच्या त्या प्रश्नाला उत्तर दिलं.

म्हटलं, "देवळ्याला होते, काका. ओसरीवर बसून आंबे खात होते. मावशीनं थांब म्हटलं होतं."